सिंगापूर म्हणजे काय मच्छीमारांचं खेडं होतं?

व्हॉट्सअॅपवर फिरतंच असतं ना, की १९६५ ला सिंगापूर म्हणजे मच्छीमारांचं गरीब खेडं आणि पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी एकट्याने त्याचं सोनं केलं. अहो, असं नाहीये ते! १८१९ पासून ब्रिटिशांनी तिथे बंदर वाढवलं होतं, १९६५ ला स्वातंत्र्याच्या वेळी ते आशियातल्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं आणि ब्रिटिश नौदलाचा तळही तिथेच.

पण झोपडपट्ट्या, बेकारी हे सगळं खरं होतं, आणि नेतृत्वाचं काम इथेच दिसतं. १९६० ला सरकारी घरं बांधायला एचडीबी हे गृहनिर्माण मंडळ काढलं, अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी जुरोंग भागातल्या दलदलीत इंडस्ट्रियल इस्टेट उभी केली, डच अर्थतज्ज्ञ विन्सेमियस यांनी सल्ला दिला, म्हणजे अख्खी टीम होती. मला सगळ्यात भारी वाटते ती सिंगापूर नदीची सफाई, १९७७ ते १९८७, पूर्ण दहा वर्षं, आणि नुसता गाळ नाही काढला तर डुकरं-बदकं पाळणाऱ्यांना, फेरीवाल्यांना, झोपड्यांतल्या लोकांना आधी दुसरीकडे हलवलं, कारण घाण तिथूनच येत होती. अर्थात विरोधकांना खटल्याशिवाय वर्षानुवर्षं तुरुंगात ठेवलं तेही याच सरकारने, फॉरवर्डमध्ये ते कधीच नसतं.