मॉरिशसच्या ट्रिपमध्ये गोल्फ घुसला कुठून? (थोडी पार्श्वभूमी)

नाशिकमध्ये कोणी म्हणालं की सकाळी सहाला गोल्फ क्लबवर भेट, तर समोरचा काठी घेऊन येत नाही, स्पोर्ट शूज घालून येतो. ट्रॅकवर चार राऊंड मारायचे, गप्पा हाणायच्या आणि जेवढं जाळलं त्याच्या दुप्पट मिसळपाव खाऊन घरी यायचं. त्या ग्राऊंडवर रणजीच्या मॅचेस झाल्या, सभा झाल्या, पण गोल्फचा बॉल आमच्या पिढीतल्या कोणी पाहिला असेल तर शपथ. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. कान्हेरेंनी २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या आणि १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. म्हणजे साहेबाच्या खेळाच्या मैदानाला साहेबाला मारणाऱ्याचं नाव, आणि तरी रिक्षावाल्याला सांगताना आपण सगळे गोल्फ क्लबच म्हणतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या दिवाळीतली आमची मॉरिशस ट्रिप. टूरवाल्याने पीडीएफ पाठवली त्यात पाचव्या दिवशी "गोल्फ एक्सपिरियन्स, कॉम्प्लिमेंटरी" असं लिहिलेलं आणि ग्रुपवर पहिला मेसेज आला तो "कोणता गोल्फ, आपला ग्राऊंडवाला का?" हसून झालं, पण मला मात्र किडा चावला की बेटावर जायचं ते समुद्रासाठी ना, मग हा स्कॉटलंडचा थंडी-वाऱ्यातला खेळ नारळाच्या झाडाखाली आला कसा?

तर आला पलटणीबरोबर. जिथे गोऱ्यांची छावणी तिथे क्लब, जिमखाना आणि थोडी मोकळी जागा असली की गोल्फ, हा ठरलेला क्रम. स्कॉटलंडात हा खेळ इतका जुना की १४५७ मध्ये तिथल्या पार्लमेंटने त्यावर बंदी घातली होती, कारण पोरं धनुष्यबाणाची प्रॅक्टिस सोडून हेच खेळत बसायची (आजच्या मोबाईलसारखंच प्रकरण). ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब अमेरिकेत नाही, आपल्या कोलकात्यात आहे, १८२९ चा. मॉरिशस इंग्रजांनी फ्रेंचांकडून १८१० मध्ये घेतलं आणि तिथल्या व्हाकोआ गावातला जिमखाना १८४४ चा सांगतात, दक्षिण गोलार्धातला सगळ्यात जुना गोल्फ कोर्स आमचाच असा त्यांचा दावा आहे. व्हाकोआ समुद्रावर नाही बरं का, आत पठारावर आहे, कारण साहेबाला किनाऱ्यावरचा उकाडा नको होता. आपल्याकडे देवळालीला छावणी का टाकली, तसंच काहीसं. त्यामुळे बेटावरचा पहिला गोल्फ हा बीचवाला गोल्फ नव्हताच, बीचपासून लांब पळालेल्या लोकांचा होता.

अजून एक मजेशीर गोष्ट म्हणजे हा खेळ स्वस्त झाला तोच मुळी उष्ण प्रदेशातल्या झाडामुळे. आधी बॉल म्हणजे चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून शिवलेला, एक कारागीर दिवसाला मोजकेच करायचा आणि पावसात भिजला की गेला कामातून. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा बॉल आला, गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या झाडाचा चीक, गरम केला की मऊ होतो आणि गार झाला की टणक. फुटलेला बॉल पुन्हा गरम करून वळता यायचा. त्यानंतरच हा खेळ खऱ्या अर्थाने पसरला.

पण मग बीच रिसॉर्ट आणि गोल्फ ही जोडी कोणी जमवली? ती अमेरिकन लोकांनी, जेट विमानं आल्यावर. लॉरन्स रॉकफेलर नावाच्या बड्या असामीने प्वेर्तो रिकोत डोराडो बीच हे रिसॉर्ट १९५८ मध्ये काढलं, नंतर हवाईत मौना के. तिथे सगळा काळा लाव्हा, गवताचं पातं नाही, तर रॉबर्ट ट्रेंट जोन्स या डिझायनरने तो लाव्हाच भरडून माती तयार केली आणि त्यावर गवत लावलं. १९६४ मध्ये कोर्स सुरू झाला तेव्हा निकलॉस, पामर आणि प्लेअर असे तिघे दिग्गज खेळायला आणले, समुद्रावरून बॉल मारायच्या त्या तिसऱ्या होलचे (होल म्हणजे बॉल घालायचा खड्डा आणि तिथवरचा पट्टा) फोटो जगभर गेले आणि प्रत्येक बेटाला वाटायला लागलं की आपल्याकडेही असं पाहिजे. बेटावर अजून एक अडचण असते ती गोड्या पाण्याची, त्यावर पास्पालम जातीचं गवत कामाला येतं, खारं पाणी, खारा वारा बऱ्यापैकी सोसतं.

आता मॉरिशसची खरी गोष्ट, आणि ती आहे उसाची. हे आपल्याला निफाडच्या कारखान्यामुळे चटकन कळावं. १८३५ मध्ये तिथली गुलामी कायद्याने संपणार हे आधीच ठरलं होतं, मळेवाल्यांना मजूर पाहिजे होते, म्हणून हिंदुस्थानातून करारावर माणसं न्यायला सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ ला अ‍ॅटलस जहाजातून ३६ जण उतरले आणि पुढे १९२० पर्यंत जवळजवळ साडेचार लाख माणसं त्या पोर्ट लुईच्या घाटावरून आत गेली. आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात, २००६ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. बिहारी जास्त, तमिळ, तेलुगू, आणि आपले कोकणातले मराठी लोकही, रत्नागिरी भागातले. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि पहिला गणपती १८९६ मध्ये हेन्रिएटा गावात बसला असं सांगतात. हेन्रिएटा कुठे, तर व्हाकोआच्या शेजारीच. एकीकडे साहेब बॉल मारतोय आणि जवळच उसाच्या कामावरून आलेली आपली माणसं आरती म्हणतायत, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

१९६८ ला देश स्वतंत्र झाला तरी ऊसच राजा होता. युरोप त्यांची साखर ठरलेल्या कोट्याने, जगातल्या भावापेक्षा बऱ्याच चढ्या भावाने घ्यायचा. मग युरोपने २००६ पासून टप्प्याटप्प्याने भाव ३६ टक्के कापायचा निर्णय घेतला आणि २००९ मध्ये तो करारच संपवला. ऊसवाल्यांना चाहूल आधीच लागली होती. २००२ मध्ये सरकारने एक स्कीम काढली, परदेशी माणसाने किमान ५ लाख डॉलरचा व्हिला घेतला की देशात राहायची परवानगी. आता इतका महागडा व्हिला विकायचा तर खिडकीतून दिसायला ऊस चालत नाही ना, मग गोल्फ कोर्स! समुद्राला लागून एकगठ्ठा जमीन कोणाकडे, तर साखरवाल्यांकडेच. बेल ओम्ब्रचा हेरिटेज कोर्स, पूर्वेला गोल्फपटू एर्नी एल्सने डिझाइन केलेला अनाहिता, पश्चिमेचा तामारिना, सगळ्या साखरवाल्यांच्याच जमिनी. ईल ओ सेर नावाच्या छोट्या बेटावर तर बर्नहार्ड लँगर या दुसऱ्या गोल्फपटूने पूर्ण १८ होल बसवलेत, खेळायला बोटीने जायचं. (आपले टूरवाले त्याला इल ऑक्स सर्फ म्हणतात, आपणही तेच म्हणायचं, वाद नको.) २०१५ पासून मॉरिशस ओपन ही गोल्फ स्पर्धा सुरू झाली आणि २०१७ मध्ये आपला अर्जुन अटवाल बरोबरी झाल्यावरच्या प्लेऑफपर्यंत पोचून डिलन फ्रिटेलीकडून हरला. तेव्हा आमच्याकडे कोणी बघत नव्हतं, क्रिकेट चालू असणार.

आपल्याकडेही द्राक्षबागेत वायनरी, वायनरीत खोल्या, खोल्यांपुढे स्विमिंग पूल हे आपण गंगापूर रोडला डोळ्यांदेखत पाहिलंच आहे, त्यामुळे मला ते फार परकं वाटलं नाही. फरक इतकाच की आपल्याकडे बरेचदा मूळ शेतकरीच मालक राहतो किंवा निदान जमिनीचे पैसे तरी घेतो, तिथे ऊस तोडणाऱ्याची ती जमीन कधी नव्हतीच.

तर पाचव्या दिवशीच्या त्या गोल्फला शिकवायला जो मुलगा होता तो पंचविशीतला, बोलणं क्रिओल (तिथली बोली) आणि फ्रेंच, आमच्याशी इंग्रजी. आम्ही आपसात मराठीत ओरडत होतो ते ऐकून म्हणाला, आजोबांचे आजोबा रत्नागिरीकडचे. मराठी येत नाही म्हणाला पण सुखकर्ता दुखहर्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली, उच्चार थोडे फ्रेंच वळणाचे. मग माझ्या हातात सात नंबरची काठी दिली, अंगठा असा, गुडघे थोडे वाकव, नजर बॉलवर. मी जोर लावला, बॉल जागचा हलला नाही आणि पावशेर गवत मातीसकट पुढे उडालं. त्याने शांतपणे तो तुकडा उचलून परत जागेवर बसवला आणि बुटाने दाबला, जणू रोजचंच काम, आणि असणारच. कडेला काळ्या दगडांचा एक मोठा ढीग होता, मला वाटलं डेकोरेशन. तर म्हणाला उसाची शेतं साफ करताना मजुरांनी हाताने वेचून रचलेले दगड आहेत, अशा राशी अजून बऱ्याच शेतात दिसतात.

निघताना त्याने विचारलं, तुमच्या गावात आहे का कोर्स? आमच्यातला एक लगेच बोलला, आहे की, गोल्फ क्लब, शहराच्या मधोमध. किती होल, तो म्हणाला. हा गडी म्हणतो, पावसाळा संपला की मोजून कळवतो.