वन्यप्राण्यांशी गाठ (खानापूर–भीमगड परिसर)

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात माणूस आणि वन्यप्राणी अचानक समोरासमोर येण्याचे प्रसंग, आणि त्या वेळी प्राणी ज्या अनपेक्षित रीतीने वागतात ते वर्तन. जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा, गवाळी, तळेवाडी या प्रामुख्याने मराठी बोलणाऱ्या गावांना असे प्रसंग नवे नाहीत. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाते, तर म्हादई याच डोंगरांतून पश्चिमेला गोव्यात उतरते. सुमारे १९० चौ. किमी. क्षेत्राचे भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले. गोव्यातील म्हादई अभयारण्य (१९९९), महाराष्ट्रातील तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र (२०२०) आणि दक्षिणेचा काळी व्याघ्र प्रकल्प हे त्याच सलग रानाचे भाग आहेत.

अस्वल. गावकऱ्यांना वाघापेक्षा अस्वलाची धास्ती अधिक, आणि ती रास्त आहे. अस्वलाची नजर अधू असते. वारूळ उकरून त्यात तोंड खुपसले की आजूबाजूचे त्याला फारसे ऐकूही येत नाही. त्याला वरचे मधले दोन पुढचे दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी हवेसकट जोराने ओढून घेते आणि माती नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटते. हा फुसफुसाट रानात बराच लांबपर्यंत येतो. त्यात गुंग झालेल्या अस्वलाजवळ माणूस नकळत पोचला, तर ते पळून न जाता उभे राहून थेट तोंडावर झडप घालते. याला डूख म्हणणे चूक आहे. अगदी जवळ आल्यावरच माणसाची चाहूल लागलेल्या प्राण्याचा तो बचाव असतो. मादीच्या पाठीवर पिल्ले बसलेली असतील तर ती मुळीच माघार घेत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस करवंदे, जांभळे आणि फणस पिकतात. माणसे आणि अस्वले तेव्हा एकाच झाडाखाली येतात, तीही पहाटे आणि तिन्हीसांजेला. रानमेव्याला जाणाऱ्या बायका एकमेकींना मोठ्याने हाका मारत चालतात, त्यामागे हेच शहाणपण आहे.

गवा. पूर्ण वाढलेला नर एक टनापर्यंत भरतो. रस्त्यात गवा आडवा उभा राहिला की तो निवांत आहे असे परगावच्या माणसाला वाटते, आणि फोटोसाठी तो पुढे सरकतो. प्रत्यक्षात कूस दाखवून उभे राहणे हा नराचा इशारा असतो: पाठीवरचा उंचवटा आणि अंगाचा पूर्ण आकार दाखवून समोरच्याला लढाईविना मागे सारायचे. फुत्कार आणि पायाने जमीन उकरणे त्यानंतर येते. एवढी ताकद असूनही गर्दीच्या पाठलागाने गवा खचतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा गर्दीने धावून धावून दमला आणि पकडल्यानंतर दगावला. भात पोसवू लागले की कळप खानापूरकडच्या शेतांत उतरतात. रताळ्यांच्या वावरात मात्र रानडुकरे जास्त. शेतकऱ्याच्या रात्री मग शेतातल्या माळ्यावर जातात. या नुकसानीचा उल्लेख टाळून वन्यजीवांचे कौतुक करणे अन्यायाचे होईल.

हत्ती आणि बिबट्या. साधारण २००२ च्या सुमारास दांडेलीकडच्या रानातून हत्ती उत्तरेला सरकले आणि खानापूरच्या बाजूने चंदगड, दोडामार्ग भागात पोचले. ऊस, केळी, माड यांची चव लागल्यावर काहींनी तिथेच मुक्काम ठोकला. बिबट्याचे वागणे याच्या नेमके उलटे. असूनही न दिसणे हे त्याचे कसब. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगाव शहराच्या गोल्फ मैदान परिसरात बिबट्या दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधासाठी शिवमोग्याच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणले गेले. तरीही तो हाती लागला नाही.

बारापेडे गुहेतील वटवाघूळ. तळेवाडीजवळच्या या गुहेत राहणाऱ्या मोठ्या कानांच्या, मोकळ्या शेपटीच्या वटवाघळाचे वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉटन यांचे नाव त्याला मिळाले. त्यानंतर जवळपास नव्वद वर्षे साऱ्या जगात त्याचा ठावठिकाणा या एकाच जागी माहीत होता. पुढे मेघालय आणि कंबोडियातही ते आढळले. बहुतेक वटवाघळांचे आवाज आपल्या कानाच्या आवाक्याबाहेरचे असतात. याचा आवाज इतका खालच्या पट्टीतला आहे की रात्री उंचावरून वेगाने जाताना तो माणसालाही ऐकू येऊ शकतो. वन्यजीव कायद्यातील सर्वोच्च संरक्षण त्याला आहे. भीमगडचा किल्ला लोकांना ठाऊक असतो, ही गुहा नसते. खरे तर या तालुक्याचे जगाला सर्वांत मोठे देणे हेच आहे. दिवसा गुहेत टॉर्च मारणे, आरडाओरडा करणे म्हणजे त्यांची झोप मोडणे आणि साठवलेली शक्ती वाया घालवायला लावणे. परवानगीशिवाय आत जाऊ नये.

इतर नोंदी. धनेशाची मादी अंडी घालताना झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. फक्त चोच मावेल एवढी फट उरते, आणि नर तिथून उंबर, वडाची फळे भरवतो. आत असतानाच तिची पिसे झडून नवी येतात, त्यामुळे या दिवसांत नराला काही झाले तर ती आणि पिल्ले दोन्ही संकटात सापडतात. नागराजाची (किंग कोब्रा) मादी पाचोळा अंगाच्या वेटोळ्यांनी ओढून अंड्यांसाठी घरटे रचते. असे घरटे बांधणारा दुसरा साप नाही. पश्चिम घाटातील नागराज ही स्वतंत्र जात असल्याचे २०२४ मध्ये मांडले गेले. रानकुत्री शिट्टीसारख्या आवाजाने एकमेकांना साद घालतात. शिकार झाल्यावर पिल्लांना आधी खाऊ देतात.

बेळगावहून गोव्याला उतरणाऱ्या चोर्ला घाटाच्या रस्त्यावर रात्री जनावर आडवे आले तर गाडी अंतरावर थांबवून दिवे मंद करावेत, हॉर्न वाजवू नये आणि खाली उतरू नये. कळपातले एक ओलांडून गेले म्हणून लगेच निघू नये. वासरू बहुधा मागे असते.