फारियांच्या बोटांतून काय निघत होते?

पणजीत मांडवीच्या काठाने चालत जुन्या सचिवालयापाशी, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्यापाशी आले, की शेजारीच एक विलक्षण पुतळा दिसतो. पायघोळ झगा घातलेला एक पाद्री पुढे झुकून हात पसरून उभा आहे आणि त्याच्या हातांखाली एक स्त्री मागे कलंडत आहे. हा कोण, हे ठाऊक नसलेले पर्यटक त्याच्याकडे जरा बिचकूनच पाहतात. भुताखेताचे काही प्रकरण असावे, असा तर्क लढवताना मी त्यांना ऐकले आहे. पुतळा आबे फारिया यांचा असून रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो १९४५ साली घडवला. शिल्प म्हणून तो मला फार आवडतो, पण विज्ञानाच्या अंगाने पाहिले तर त्यात एक गमतीदार घोटाळा आहे. पाहणाऱ्याला वाटते, की पाद्र्याच्या बोटांतून काहीतरी निघून त्या बाईच्या अंगात शिरत आहे. असे काहीही निघत नसते, हे सांगण्यातच तर फारियांची अखेरची वर्षे खर्ची पडली.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म १७५६ साली बार्देशातल्या कांदोळीचा. १७७१ मध्ये ते वडिलांबरोबर लिस्बनला पोहोचले आणि पुढे रोममध्ये पाद्री झाले. त्यांची एक आख्यायिका गोव्यात लहान मुलांनाही माहीत असते. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभे राहिल्यावर तरुण फारियांची बोबडी वळली, तेव्हा वडिलांनी मागून कोकणीत कुजबुजून सांगितले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’, आणि त्या एका वाक्याने त्यांची जीभ मोकळी झाली. समोरचे दरबारी होते तेच राहिले. बदलले ते फक्त ऐकणाऱ्याच्या मनात. फारियांच्या पुढच्या सगळ्या विचाराचे बीज या गोष्टीत सापडते, म्हणूनच ती टिकली असावी.

त्या काळी पॅरिसमध्ये फ्रान्झ मेस्मर या डॉक्टराच्या उपचारांचा मोठा गाजावाजा झाला होता. सर्व विश्वात एक अदृश्य प्रवाह भरलेला असून शरीरातले त्याचे वाहणे अडले की माणूस आजारी पडतो आणि वैद्याच्या स्पर्शाने तो मोकळा करता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. रुग्णांना झटके येत, काहींची शुद्ध हरपे आणि अनेकांना खरोखरच बरे वाटे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने याच्या तपासणीसाठी एक समिती नेमली. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते आणि अमेरिकेचे राजदूत म्हणून पॅरिसजवळ राहत असलेले बेंजामिन फ्रँकलिनही होते. समितीने वाद घातला नाही, प्रयोग केला. फ्रँकलिन यांच्या बागेतल्या जर्दाळूच्या एका झाडात मेस्मर यांच्या शिष्याने तो प्रवाह ‘भरला’. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकामागून एक चार झाडांना मिठी मारायला लावले. यांपैकी एकही झाड ते भारलेले झाड नव्हते. मुलाला मात्र प्रत्येक झाडापाशी अधिकाधिक जाणवू लागले आणि चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. कल्पनेविना प्रवाहाने काहीच घडत नाही आणि प्रवाहाविना नुसत्या कल्पनेने सारे काही घडते, असा निष्कर्ष निघाला. आज नव्या औषधाची चाचणी घेताना खरी गोळी कोणती आणि खोटी कोणती हे रुग्णापासून लपवले जाते, त्या पद्धतीच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत हा प्रयोग मोजला जातो.

समितीच्या दृष्टीने विषय तिथे संपला: हे ‘नुसती कल्पना’ आहे. बुद्धिवादी माणसाची नेमकी इथेच चूक होते, असे मला वाटते. श्रद्धेने दिलेले कारण खोटे ठरले, की दिसलेला परिणामही खोटाच असणार, असे तो धरून चालतो. फारियांनी तसे केले नाही. १८१३ पासून त्यांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. समोरच्याला खुर्चीत बसवून मन झोपेवर एकाग्र करायला सांगायचे आणि मग ठणकावून हुकूम द्यायचा, ‘झोपा!’ काही जण खरोखर त्या अवस्थेत जात, बरेच जण जात नसत. सामर्थ्य माझ्यात नाही, प्रवाह कुठेच नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्या मनातून घडते, हे त्यांचे प्रतिपादन होते. त्यामुळे प्रवाहवादी त्यांच्यावर उलटले आणि काही धर्मनिष्ठांना यात सैतान दिसला. एका नटाने झोपेचे सोंग आणून त्यांची फजिती केली, ती वेगळीच. त्यांचे सगळेच बरोबर होते असेही नाही. ज्याचे रक्त पातळ, त्याला ही झोप लवकर लागते, हा त्यांचा तर्क साफ चुकीचा होता. त्यांचा ग्रंथ १८१९ साली छापला गेला आणि त्याच वर्षी ते वारले.

मनातून घडते म्हणजे शरीरात नेमके काय होते, याचा धागा हाती यायला १९७८ साल उजाडावे लागले. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषधाविना असलेली खोटी मात्रा दिली, तरी काहींचे दुखणे कमी होत होते. अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा रुग्णांना नॅलोक्सोन हे द्रव्य दिले. हे द्रव्य अफूजन्य औषधांचा परिणाम अडवते. ते देताच विश्वासाने मिळालेला आरामही ओसरला. याचा अर्थ, गुण येणार या अपेक्षेने मेंदू स्वतःची अफूसारखी द्रव्ये सोडत होता. २०१० मध्ये तर आतड्यांच्या जुनाट तक्रारी असलेल्या ८० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात काहींना ‘या गोळीत औषध नाही’ असे सरळ सांगूनच ती दिली गेली. तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्या ५९ टक्के लोकांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगितले. गोळी न मिळालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते.

मग सीमा कुठे येते? मराठीत ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत, आणि २०११ साली दम्याच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास या दोहोंच्या मधोमध बोट ठेवतो. खऱ्या औषधाचा फवारा, रिकामा फवारा आणि लुटुपुटीचे अॅक्युपंक्चर या तिन्हींनंतर रुग्णांनी जवळजवळ सारखाच, ४५ ते ५० टक्के आराम सांगितला. फुंकर मोजणाऱ्या यंत्राचे म्हणणे वेगळे होते. खऱ्या औषधाने ती २० टक्क्यांनी सुधारली, बाकी दोन्हींनी जेमतेम ७ टक्के, आणि काहीच दिले नव्हते तेव्हाही तेवढीच.

हे आकडे वाचताना मला डिचोलीच्या घरातली आजी आठवली. लहानपणी माझी छाती भरून घरघरू लागली, की ती आधी माझी दिष्ट काढायची. मूठभर मीठ, सुक्या मिरच्या, तीनदा ओवाळणे, मग मूठ चुलीत. ठसका लागला नाही, तर ‘बघ, केवढी दिष्ट होती’. लागला, तर ‘गेली एकदाची’. निखारा किती फुलला होता, मिरची किती वाळली होती, धूर कुठल्या बाजूला गेला, असले प्रश्न त्या पद्धतीत बसतच नव्हते, आणि दोन्ही निकाल एकाच बाजूने लागणाऱ्या परीक्षेला परीक्षा म्हणता येत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळले. पण तिचा खरखरीत हात कपाळावरून फिरला, की माझी भीती जायची आणि श्वासाची धडपड थोडी संथ व्हायची, हेही तितकेच खरे. छातीतली घरघर मात्र तशीच असायची. आजीलाही ती ऐकू येत असावी, कारण चुलीपुढून उठली, की ती डॉक्टरांनी दिलेली बाटली हलवून चमचाभर औषध माझ्या तोंडात घालायची, आणि ते मी गिळले की नाही, हे जीभ बाहेर काढायला लावून तपासायची.