ग्रेगरी पेक यांचे उल्लेखनीय चित्रपट

ग्रेगरी पेक (५ एप्रिल १९१६ – १२ जून २००३) हे हॉलिवूडचे आघाडीचे अभिनेते. १९४४ साली ते पडद्यावर आले आणि पुढे पन्नासहून अधिक वर्षे काम करत राहिले. उंची सहा फूट तीन इंच, आवाज खर्जातला, बोलणे सावकाश. एवढ्या भांडवलावर 'सज्जन माणसाच्या भूमिका करणारा नट' अशी त्यांची ओळख पक्की झाली. ती खोटी नाही, पण तिच्यामुळे त्यांच्या कामावर थोडा अन्यायही झाला आहे. त्यांच्या उत्तम चित्रपटांत चांगुलपणा आयता मिळालेला नसतो. तो पेलावा लागतो, आणि पेलता पेलता माणूस आतून झिजत जातो. ही झीज इतक्या संयमाने दाखवणारे नट फार थोडे. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याच अंगाने लिहिली आहे.

सुरुवात

पेक यांचा जन्म कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोजवळच्या ला होया येथे झाला. वडील औषधविक्रेते होते. ग्रेगरी लहान असतानाच आईवडील विभक्त झाले आणि त्यांचे बरेचसे बालपण आजीच्या छायेत गेले. डॉक्टर व्हायचे म्हणून बर्कलीच्या विद्यापीठात गेलेले पेक इंग्रजी साहित्याकडे आणि तिथून नाटकाकडे वळले. न्यूयॉर्कच्या नेबरहुड प्लेहाउसमध्ये शिकत असताना मार्था ग्रॅहॅम यांच्या नृत्यवर्गात त्यांची पाठ दुखावली. या दुखापतीमुळे दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैन्यात जावे लागले नाही. हॉलिवूडचे अनेक नामवंत नट त्या वेळी गणवेशात होते, त्यामुळे नव्या चेहऱ्याला जागा होती. पेक यांनी मात्र स्वतःला कोणा एका स्टुडिओच्या दावणीला बांधून घेतले नाही. वेगवेगळ्या स्टुडिओंशी वेगवेगळे करार करण्याची त्यांची पद्धत त्या काळात धाडसाचीच होती.

'डेज ऑफ ग्लोरी' (१९४४) हा त्यांचा पहिला चित्रपट फारसा चालला नाही. त्याच वर्षीच्या 'द कीज ऑफ द किंगडम'मध्ये चीनमध्ये आयुष्य घालवणाऱ्या कॅथलिक धर्मोपदेशकाची तारुण्यापासून वार्धक्यापर्यंतची भूमिका त्यांनी केली आणि दुसऱ्याच चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळवले. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'स्पेलबाउंड'मध्ये (१९४५) त्यांच्यासमोर इन्ग्रिड बर्गमन होत्या. हा चित्रपट आज मुख्यतः चित्रकार साल्वादोर दाली यांनी रचलेल्या स्वप्नदृश्यामुळे आठवला जातो. 'द यर्लिंग'मध्ये (१९४६) ते फ्लोरिडाच्या रानात शेती करणाऱ्या गरीब कुटुंबातले वडील झाले. मुलाने जीव लावलेले हरणाचे पाडस पिकाचा नाश करू लागते, तेव्हा त्याला मारायला सांगण्याची वेळ या बापावर येते. पुढे 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मध्ये त्यांनी साकारलेल्या ॲटिकस फिंच या बापाची चाहूल इथेच लागते. त्याच वर्षीच्या 'ड्युएल इन द सन'मध्ये त्यांनी उनाड, क्रूर खलनायक रंगवला. चित्रपट गाजला, तरी त्या दुष्टपणावर पुरता विश्वास बसत नाही.

'जंटलमन्स ॲग्रीमेंट' (१९४७) हा या पहिल्या टप्प्यातला सर्वांत धीट चित्रपट. एलिया कझान यांच्या दिग्दर्शनाखाली पेक यांनी एका पत्रकाराचे काम केले. ज्यूविरोधी भावनेवर लेखमाला लिहिण्यासाठी हा पत्रकार आपण स्वतः ज्यू आहोत असे सांगून वावरू लागतो. हॉटेलात खोली मिळेनाशी होते, शाळेत मुलाला चिडवले जाते आणि सुशिक्षित, उदार म्हणवणारी माणसेही अवघडल्यासारखी वागू लागतात. असल्या विषयापासून दूर राहा, असा सल्ला पेक यांना मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर याच चित्रपटाला मिळाले. आज तो काही ठिकाणी भाषणासारखा वाटतो, हेही खरे.

'ट्वेल्व्ह ओक्लॉक हाय'

पेक यांचे सर्वश्रेष्ठ काम कोणते, असे विचारले तर बहुतेक जण 'टू किल अ मॉकिंगबर्ड'चे नाव घेतील. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मान हेन्री किंग यांच्या 'ट्वेल्व्ह ओक्लॉक हाय'चा (१९४९) आहे.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. इंग्लंडमधल्या तळावरून जर्मनांवर दिवसाउजेडी बॉम्बहल्ले करणारी अमेरिकी विमानांची तुकडी खचून गेली आहे. तिचा आधीचा प्रमुख वैमानिकांवर जीव टाकणारा, म्हणून त्यांना मरणाच्या तोंडी धाडताना त्याचा हात कचरतो. त्याच्या जागी जनरल सॅव्हेज येतो. तळाच्या फाटकाआधी तो गाडी थांबवायला सांगतो. इथवर तो ड्रायव्हरच्या शेजारी पुढे बसून, त्याच्याशी नावाने बोलत आलेला असतो. दोघे बाहेर उभे राहून सिगारेट ओढतात. ती संपते, सॅव्हेज ड्रायव्हरला 'सार्जंट' अशी हाक मारतो आणि मागच्या सीटवर जाऊन बसतो. फाटकातून आत जातो तो वेगळाच माणूस. हा बदल पेक यांनी केवळ बसण्याची जागा आणि आवाजाची पट्टी बदलून दाखवला आहे.

सॅव्हेज तुकडीला कठोरपणे शिस्त लावतो, तुकडी उभी राहते आणि त्या प्रयत्नात तो स्वतः मोडतो. एका सकाळी मोहिमेवर निघताना तो विमानाच्या दारातून वर चढू पाहतो, पण हात शरीराचा भार उचलतच नाहीत. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. मग त्याला खोलीत आणून खुर्चीवर बसवतात. डोळे उघडे असतात, पण समोरच्या कशाचीच त्याला जाणीव नसते. विमाने परत आल्याचे कळते, तेव्हा कुठे तो आडवा होतो. न रडता, न ओरडता कोसळलेला सेनाधिकारी तोवरच्या युद्धपटांत क्वचितच दिसला असेल. अमेरिकी हवाई दलात आणि व्यवस्थापनाच्या वर्गांतही नेतृत्वाचा धडा म्हणून हा चित्रपट वर्षानुवर्षे दाखवला गेला. या भूमिकेसाठी पेक यांना चौथे ऑस्कर नामांकन मिळाले, पारितोषिक मात्र हुकले.

किंग आणि पेक यांनी लगेचच 'द गनफायटर' (१९५०) केला. सर्वांत वेगवान पिस्तूलबाज म्हणून ख्याती असलेल्या जिमी रिंगोला बायको आणि मुलाला एकदा भेटायचे आहे. पण तो जाईल त्या गावात एखादा पोरगा त्याला मारून नाव कमावायला टपलेला असतो. बराचसा चित्रपट दारूच्या गुत्त्यात, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत जातो. पेक यांनी यात राकट मिशी ठेवली होती. चित्रपट चालला नाही, तेव्हा स्टुडिओच्या मंडळींनी खापर त्या मिशीवर फोडले. वेस्टर्नपटांच्या अभ्यासकांनी पुढे तो डोक्यावर घेतला.

'रोमन हॉलिडे'

हलकाफुलका विनोद आपल्याला द्या, असे पेक सांगत असत, पण तशी संधी थोडीच आली. विल्यम वायलर यांचा 'रोमन हॉलिडे' (१९५३) ही त्यातली सर्वोत्तम. रोमच्या दौऱ्यावर आलेली राजकन्या एका रात्री आपल्या देशाच्या वकिलातीतून निसटते आणि जो ब्रॅडली या अमेरिकी पत्रकाराला सापडते. तिची बातमी विकून पैसे करण्याचा त्याचा बेत असतो. राजकन्या होत्या ऑड्री हेपबर्न. हॉलिवूडच्या प्रेक्षकाला तेव्हा त्या अनोळखी होत्या. करारानुसार पेक यांचे नाव ठळकपणे वर यायचे होते. चित्रीकरण सुरू झाल्यावर त्यांनीच आग्रह धरला की या मुलीचे नावही आपल्या बरोबरीने हवे. तिला ऑस्कर मिळणार हे त्यांनी ताडले होते, आणि झालेही तसेच.

सत्याचे मुख नावाच्या दगडी मुखवट्यासमोरचा प्रसंग सर्वांना आठवतो. खोटे बोलणाऱ्याचा हात हा मुखवटा चावतो, अशी समजूत आहे. पेक यांनी आत घातलेला हात बाहीत लपवून बाहेर काढला. हेपबर्न यांना याची कल्पना दिलेली नव्हती, त्यामुळे त्यांची किंकाळी खरी आहे. पण चित्रपटाचा आत्मा शेवटच्या पत्रकार परिषदेत आहे. सगळ्यांसमोर दोघे परक्यासारखे दोन औपचारिक वाक्ये बोलतात. ती निघून जाते, बाकीचे पत्रकार पांगतात आणि जो त्या प्रचंड दालनातून एकटा, खिशात हात घालून चालत येतो. दाराशी पोहोचण्याआधी एकदाच मागे वळून बघतो. संवाद नाही, अश्रू नाहीत. पेक नुसते चालतात, आणि त्या चालण्यातच बातमी न विकल्याचे समाधान आणि तिच्या जाण्याचे दुःख दोन्ही येते.

या कथेचे ऑस्कर इयन मॅक्लेलन हंटर यांच्या नावे दिले गेले. खरे लेखक डाल्टन ट्रम्बो कम्युनिस्टविरोधी काळ्या यादीत असल्याने त्यांचे नाव लपवावे लागले होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९३ मध्ये ते पारितोषिक त्यांच्या नावावर करण्यात आले.

पन्नासच्या दशकाचा उत्तरार्ध आणि पुढे

जॉन ह्यूस्टन यांच्या 'मोबी डिक'मधला (१९५६) कॅप्टन अहॅब पेक यांना स्वतःलाच समाधान देऊन गेला नाही. त्या भूमिकेसाठी आपण वयाने लहान होतो असे त्यांचे मत होते. 'द बिग कंट्री' (१९५८) त्यांनी वायलर यांच्यासोबत निर्मिला. त्यातला मकाय हा पूर्वेकडून आलेला जहाजी गडी सर्वांदेखत अवखळ घोड्यावर बसायला नकार देतो, लोक त्याला भित्रा ठरवतात. नंतर कोणी पाहत नसताना तो पडत-धडपडत त्याच घोड्यावर मांड ठोकतो. साक्षीला असतो फक्त एक तबेलेवाला, आणि हे कोणाला सांगू नकोस असे मकाय त्याला बजावतो. 'ऑन द बीच' (१९५९) अणुयुद्धानंतर ऑस्ट्रेलियात मरणाची वाट पाहणाऱ्या माणसांचा चित्रपट आहे. 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' (१९६१) हा मात्र निखळ साहसपट. एजियन समुद्रातल्या काल्पनिक बेटावरच्या जर्मन तोफा उडवण्याची ही कथा ऱ्होड्स बेटावर चित्रित झाली.

'केप फिअर'मध्ये (१९६२) पेक यांनी साकारलेल्या वकिलाच्या मागे सूड घ्यायला सुटून आलेला गुन्हेगार लागतो. हे गुन्हेगाराचे काम रॉबर्ट मिचम यांनी केले आणि चित्रपट खाऊन टाकला. चित्रपट पेक यांच्याच कंपनीचा होता आणि मिचम यांना मोकळे रान देण्यात त्यांनी हात आखडला नाही.

'टू किल अ मॉकिंगबर्ड'

हार्पर ली यांची कादंबरी १९६० मध्ये आली, १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९६२ मध्ये रॉबर्ट मलिगन यांनी तिच्यावर चित्रपट केला. १९३० च्या दशकातले अलाबामातले छोटे गाव. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीयावर गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप आहे आणि विधुर वकील ॲटिकस फिंच त्याचा खटला घेतो. हे सारे आपण त्याच्या लहान मुलीच्या, स्काउटच्या नजरेतून पाहतो.

पेक यांचा ॲटिकस फार थोड्या हालचाली करतो. रस्त्यावर पिसाळलेले कुत्रे येते, तेव्हा तो बंदूक खांद्याला लावतो, चष्मा कपाळावर सरकवतो, तो नीट राहत नाही म्हणून सरळ खाली टाकतो आणि एका गोळीत काम संपवतो. आपला बाप असा नेमबाज आहे हे मुलांना तोवर माहीतच नसते. आरोप करणाऱ्या तरुणीचा बाप तोंडावर थुंकतो, तेव्हा ॲटिकस एक पाऊल पुढे टाकतो. क्षणभर वाटते, आता हात उठणार. मग तो रुमाल काढतो, चेहरा पुसतो आणि गाडीत जाऊन बसतो. त्या एका पावलामुळे त्याचा संयम खरा वाटतो, कारण राग आलेला आपण पाहिलेला असतो.

खटला तो हरतो. कोर्ट रिकामे होते, तो कागद गोळा करतो आणि खाली मान घालून निघतो. वरच्या सज्जात कृष्णवर्णीय प्रेक्षक एकेक करून उभे राहतात. तिथे बसलेल्या स्काउटला पाद्री सांगतो, ऊठ, तुझे वडील चालले आहेत. ॲटिकस वर बघतही नाही. हा मान त्याला कळतही नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग काळजाला भिडतो. ॲटिकस फार उदात्त रंगवला आहे, टॉम मात्र कथेत सोसण्यापुरताच उरतो, अशी टीका पुढे झाली. तिच्यात तथ्य आहे.

हार्पर ली यांनी ॲटिकस आपल्या वकील वडिलांवरून रेखाटला होता. चित्रपट लोकांसमोर येण्याआधीच ते वारले. ली यांनी त्यांचे खिशातले घड्याळ पेक यांना भेट दिले. १९६३ च्या समारंभात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'च्या पीटर ओटूल यांच्यासारखा प्रतिस्पर्धी असताना पेक यांनी ऑस्कर जिंकले, तेव्हा ते घड्याळ त्यांच्याजवळ होते. स्काउट झालेल्या मेरी बॅडम यांना दहाव्या वर्षी नामांकन मिळाले. पुढे आयुष्यभर त्या पेक यांना ॲटिकस म्हणूनच हाक मारत. जून २००३ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने ॲटिकस फिंचला अमेरिकी चित्रपटांतला सर्वश्रेष्ठ नायक ठरवले. त्यानंतर काही दिवसांतच पेक गेले. अंत्यविधीच्या वेळी श्रद्धांजलीचे भाषण टॉम रॉबिन्सनची भूमिका केलेल्या ब्रॉक पीटर्स यांनी केले.

भारतातील पेक

भारतात पेक यांचे नाव घरोघरी पोहोचवले ते 'मॅकेनाज गोल्ड'ने (१९६९). ओमर शरीफ यांच्यासोबतचा हा खजिन्याच्या शोधाचा वेस्टर्नपट अमेरिकेत पडला, आपल्याकडे मात्र तुफान चालला आणि वारंवार प्रदर्शित होत राहिला. आकाशात घिरट्या घालणारे गिधाड आणि शेवटी कोसळणारी दरी ज्यांनी थिएटरात पाहिली, ते आजही त्याबद्दल भरभरून बोलतात. अभिनयाच्या दृष्टीने पेक यांना त्यात फारसा वाव नाही. त्याआधीपासून देव आनंद यांची तुलना पेक यांच्याशी होत असेच.

गोव्याशी त्यांचा संबंध अधिक थेट आहे. 'द सी वुल्व्हज' (१९८०) हा चित्रपट मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरात घडलेल्या खऱ्या घटनेवर आधारित आहे. गोवा पोर्तुगीजांच्या, म्हणजे तटस्थ देशाच्या ताब्यात होता. बंदरात अडकून पडलेल्या 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावरून पाणबुड्यांना गुप्त संदेश जात असल्याचा इंग्रजांचा संशय होता. सैन्य पाठवता येत नव्हते, म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतल्या, वय उलटलेल्या कारखानदार-व्यापाऱ्यांनी एका जुनाट बार्जमधून येऊन जहाजावर छापा घातला. पेक यांनी या कामगिरीचे सूत्रधार लुईस प्यू यांची भूमिका केली. सोबत रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हन होते आणि चित्रीकरण गोव्यातच झाले. चित्रपट म्हणून तो साधारणच आहे. तरी आपल्या किनाऱ्यावरचा इतिहासाचा हा तुकडा एवढ्या मोठ्या नटाने पडद्यावर आणला, याचे अप्रूप वाटते.

उत्तरकाळ

१९६७ ते १९७० या काळात पेक ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे अध्यक्ष होते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर १९६८ चा समारंभ त्यांच्याच कारकिर्दीत दोन दिवस पुढे ढकलला गेला. १९७५ मध्ये त्यांच्या थोरल्या मुलाने, जोनाथनने आत्महत्या केली. पुढच्या वर्षी आलेल्या 'द ओमेन'मध्ये ते मुलाच्या मृत्यूने सुरू होणाऱ्या भयकथेतला बाप होते. हा चित्रपट प्रचंड चालला, आणि पेक यांच्या गंभीर चेहऱ्यामुळेच त्यातली अविश्वसनीय गोष्ट खरी वाटते. 'मॅकआर्थर' (१९७७) आणि नाझी डॉक्टर मेंगलेची भूमिका असलेला 'द बॉइज फ्रॉम ब्राझील' (१९७८) हे त्यानंतरचे मोठे चित्रपट. मार्टिन स्कोर्सेसी यांनी १९९१ मध्ये 'केप फिअर' पुन्हा केला, तेव्हा पेक आणि मिचम दोघेही छोट्या भूमिकांत आले. या वेळी पेक गुन्हेगाराचे वकील होते.

१९९८ मध्ये दूरचित्रवाणीसाठी 'मोबी डिक' नव्याने झाले. एकेकाळी अहॅब साकारताना असमाधानी राहिलेल्या पेक यांनी त्यात प्रवचन देणाऱ्या फादर मॅपलची भूमिका केली. १९५६ मध्ये हे काम ऑर्सन वेल्स यांनी केले होते. ब्याऐंशी वर्षांच्या पेक यांना या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब मिळाले.