गाजरातला रंग आणि गोळीतला रंग

गाजर किसताना बोटांना लागणारा केशरी रंग वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये वेगळा काढला. त्याचं नाव कॅरोटीन. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं, हे पक्कं व्हायला मात्र जवळजवळ शंभर वर्षं गेली.

कॅन्सरशी या रंगाचं नातं जुळलं ते पाहणीतून. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी आढळत होता. १९८१ मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये विचारलं, याचं श्रेय बीटा-कॅरोटीनला, म्हणजे गाजरातल्या मुख्य कॅरोटीनला, द्यायचं का? सिगारेटचा दोष पुराव्यानिशी दाखवणाऱ्यांपैकी एक असलेले डॉल ते हेच. प्रश्न त्यांनी विचारला, उत्तर मात्र बऱ्याच जणांनी गृहीत धरलं.

हे तपासायला फिनलंडने १९८५ ते १९८८ दरम्यान ५० ते ६९ वयाचे २९,१३३ सिगारेट ओढणारे पुरुष निवडले. निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, म्हणजे साधारण पाव किलो गाजरांत असतं तेवढं. काहींची कातडी पिवळसर झाली. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. योगायोग असेल, असं काहींना वाटलं. पण अमेरिकेत १८,३१४ जणांवर अशीच चाचणी चालू होती. त्यांत सिगारेट ओढणारे, ती सोडलेले आणि अॅस्बेस्टॉसचे कामगार होते. त्यांना बीटा-कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही दिलं जात होतं. तिथे वाढ २८ टक्के निघाली, आणि जानेवारी १९९६ मध्ये चाचणी २१ महिने आधीच थांबवावी लागली. त्याच सुमारास २२,०७१ अमेरिकन डॉक्टरांवरची बारा वर्षांची चाचणी संपली. त्यांच्यात सिगारेट ओढणारे थोडेच. फायदा नाही, तोटाही नाही.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो फिनलंडच्याच आकड्यांतला एक बारकावा. बीटा-कॅरोटीनची गोळी न मिळालेल्यांत ज्यांच्या जेवणात आणि रक्तात मुळातच कॅरोटीन जास्त होतं, त्यांना कॅन्सर कमीच झाला होता. म्हणजे जुनी पाहणी खोटी नव्हती. ताटात कॅरोटीनबरोबर बाकीची भाजीही असते, आणि ती खाणारा माणूस इतर बाबतींतही वेगळा असतो. गोळीत उतरला तो नुसता रंग.

पुढे मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट या प्राण्यांना सिगारेटचा धूर आणि मोठा डोस एकत्र दिला, तेव्हा फुप्फुसाच्या पेशींत कॅन्सरकडे झुकणारे बदल दिसले.

डोळ्याच्या पडद्याच्या आजारावरच्या गोळ्यांतही हा रंग असायचा. २०१३ मधल्या अमेरिकन चाचणीनंतर त्याच्या जागी ल्युटीन हे पिवळं रंगद्रव्य आलं. ते बहुधा झेंडूच्या फुलांतून काढतात.