स्टेजवरचं ते पांढरं ‘धूर’ प्रकरण

सत्तरच्या दशकातल्या रॉक कॉन्सर्टमध्ये गायकाच्या गुडघ्यापर्यंत साचणारा पांढरा धूर काहीतरी जाळून करत, असा मेसेज अधूनमधून फिरतो. आतषबाजीचा धूर वेगळा. हा जमिनीलगतचा थर बहुतेकदा ड्राय आइसचा, म्हणजे उणे 78.5 अंश सेल्सिअसच्या घन कार्बन डायऑक्साइडचा. तो गरम पाण्यात टाकला की त्याचा थेट वायू होतो. वायू दिसत नाही. दिसतात ते गारव्याने बाष्पाचे झालेले बारीक थेंब. जुनं चित्रीकरण नीट पाहा: जळणाचा धूर वर चढतो, हे धुकं मात्र सरपटत स्टेजच्या कडेवरून खाली सांडतं. (पुढच्या रांगेची चैनच!) राख नाही, जळका वास नाही. पण घरी बंद खोलीत करून बघू नका, या वायूने जीव गुदमरू शकतो.