वलयाकार प्रथिनांच्या नॅनोनलिका

पेशीतील अनेक प्रथिने एकेकटी वावरत नाहीत. एकाच साच्याच्या सहा, दहा, अकरा किंवा बारा अमिनो आम्लांच्या साखळ्या एकमेकींना बिलगतात आणि मधोमध छिद्र असलेले वलय तयार होते. अशी वलये एकावर एक रचली गेली की काही नॅनोमीटर रुंदीची पोकळ नळी बनते. तिला प्रथिन-नॅनोनलिका म्हणतात. द्रावणाचा पीएच, त्यातील क्षार आणि प्रथिनाचे प्रमाण अनुकूल असले की वलये आपोआप जुळतात, म्हणून ही प्रक्रिया स्वयंजुळणीत मोडते. प्रथिनांची प्रत्येक नळी मात्र अशी बनत नाही. पेशीच्या सांगाड्यातील सूक्ष्मनलिका उभ्या तंतूंना शेजारी शेजारी जोडून तयार होतात, त्यामुळे त्या या नोंदीच्या कक्षेबाहेर राहतात.

नळीच्या रुंदीचा प्रश्न वलयाने आधीच सोडवलेला असतो. शेजारच्या दोन साखळ्यांमधील कोन प्रथिनाच्या घडणीनेच ठरतो, त्यामुळे एका प्रथिनापासून बनलेल्या नळ्यांचा व्यास जवळजवळ सारखा येतो. कार्बनच्या नॅनोनलिका बनवताना सहसा निरनिराळ्या व्यासांचे मिश्रण हाती येते आणि ते निवडून वेगळे करणे जिकिरीचे असते. त्या तुलनेत प्रथिनांचा हा फार मोठा गुण आहे. शिवाय जनुकात एक बदल केला की तो प्रत्येक वलयावर नेमक्या त्याच जागी उमटतो. लांबीची गोष्ट वेगळी आहे. चळत कुठे थांबवायची हे सांगणारे वलयात काहीच नसते, आणि या क्षेत्रातील खरी अडचण तिथेच आहे.

दोन वलयांना धरून ठेवणारी बले एकेकटी क्षीण असतात: जलद्वेषी पृष्ठभागांची जवळीक, विरुद्ध विद्युतभारांचे आकर्षण, हायड्रोजन बंध. पण वलयाच्या सममितीमुळे एका जागचा संपर्क सहा किंवा अकरा ठिकाणी तसाच्या तसा घडतो आणि त्याची बेरीज भक्कम होते. पीएच बदलला की हा तोल चटकन ढळतो. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात आढळणारे पेरॉक्सिरेडॉक्सिन-३ बारा साखळ्यांचे वलय बनवते, आणि आम्लधर्मी द्रावणात ही वलये रांगेने जुळून लांब नळ्या होतात.

नैसर्गिक आकर्षण पुरेसे नसेल तिथे संशोधक सांधा स्वतः घडवतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूतील एचसीपी-१ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. सहा साखळ्यांच्या या वलयाचा बाहेरचा व्यास सुमारे ९ नॅनोमीटर आणि आतील पोकळी सुमारे ४ नॅनोमीटर असते. त्याची स्फटिकरचना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा स्फटिकात वलये एकावर एक बसलेली दिसली. द्रावणात मात्र ती सुटी राहत. २००८ मध्ये वलयाच्या दोन्ही तोंडांवर मोजक्या जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल बसवण्यात आले. समोरासमोर आलेल्या सिस्टीनमध्ये डायसल्फाइड बंध (गंधकाच्या दोन अणूंमधील भक्कम बंध) तयार झाले आणि सुमारे १०० नॅनोमीटरपर्यंत लांबीच्या नळ्या मिळाल्या. एकाच तोंडावर सिस्टीन असलेली वलये टोकाशी बसवून वाढ रोखण्याची युक्तीही त्याच कामात वापरली गेली. जिवंत जिवाणूत हे प्रथिन शेजारच्या पेशीत विष घुसवणाऱ्या यंत्रणेचा भाग असते: वलयांची नळी बाहेरच्या आवरणाच्या आकुंचनाने भाल्यासारखी पुढे फेकली जाते.

लांबीची अडचण किती मोठी आहे हे ट्रॅप या प्रथिनावरून कळते. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णताप्रिय जिवाणूत ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या निर्मितीवर नियंत्रण ठेवते आणि त्याचे वलय अकरा साखळ्यांचे असते. त्यात बदल करून २००९ मध्ये बनवलेल्या नळ्यांची जाडी एकसारखी, ८.५ नॅनोमीटर होती. लांबी मात्र ७ नॅनोमीटरपासून थेट एका मायक्रोमीटरच्या पलीकडे पसरलेली होती.

विषाणूंकडे या प्रश्नाचे उत्तर आहे. तंबाखू मोझेक विषाणूचे आवरण-प्रथिन चकत्या बनवते आणि आम्लधर्मी द्रावणात आरएनएशिवायही त्याच्या नळ्या होतात, पण त्या वाटेल तितक्या लांब असतात. विषाणूचा आरएनए सोबत असला की सुमारे २१३० साखळ्या त्याच्याभोवती सर्पिलाकार बसतात आणि नळी ३०० नॅनोमीटरवर थांबते, कारण आरएनए तिथे संपतो. हाइन्झ फ्रेंकेल-कॉनराट आणि रॉबली विल्यम्स यांनी १९५५ मध्ये सुटे प्रथिन आणि सुटा आरएनए एकत्र करून रोग पसरवू शकणारा विषाणू पुन्हा उभा केला. स्वयंजुळणीच्या अभ्यासातील हा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. या विषाणूच्या रचनेवर पुढे काम करणाऱ्या ॲरन क्लूग यांना १९८२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवाणूंना ग्रासणाऱ्या लॅम्डा विषाणूच्या शेपटीत सहा-सहा साखळ्यांची वलये एका लांबट प्रथिनाभोवती रचली जातात, आणि ते प्रथिन मोजपट्टीचे काम करते. ते जनुकातून आखूड केले की शेपटीही आखूड होते.

उपयोगांपैकी बरेचसे अजून प्रयोगशाळेतच आहेत. तंबाखू मोझेक विषाणूच्या ४ नॅनोमीटर रुंद पोकळीत निकेल आणि कोबाल्टच्या सुमारे ३ नॅनोमीटर जाडीच्या तारा वाढवून झाल्या आहेत. त्याच्या आवरण-प्रथिनावर रंगद्रव्ये बसवली की ती ठरावीक अंतरावर रचली जातात आणि शोषलेली प्रकाशऊर्जा एकीकडून दुसरीकडे पोचवतात. हरितद्रव्ये प्रकाशसंश्लेषणात हेच करतात. विकरांना नळीवर ओळीने बसवणे हाही याच धर्तीचा विचार आहे.

औषध वाहून नेण्याच्या दृष्टीने सर्वांत सुंदर कल्पना ग्रोईएल या प्रथिनाची आहे. सात-सात साखळ्यांची दोन वलये असलेले हे प्रथिन पेशीत इतर प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करते, आणि त्यासाठी एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू वापरून स्वतःचा आकार बदलते. त्याच्या दोन्ही तोंडांवर मॅग्नेशियम धरणारे रेणू जोडले की मॅग्नेशियमच्या आयनांमुळे लांब नळ्या बनतात. २०१३ मध्ये असे दाखवण्यात आले की एटीपी मिळताच वलयांच्या हालचालीनेच हे सांधे तुटतात, नळीचे तुकडे होतात आणि आत ठेवलेला रेणू सुटतो. पेशीच्या आत एटीपी भरपूर असते, बाहेर फारच थोडे. त्यामुळे नळी रक्तात टिकावी आणि पेशीत शिरल्यावर उघडावी, अशी योजना करता येते. परके प्रथिन शरीरात गेल्यावर प्रतिकारयंत्रणा त्याला ओळखते, हा अडसर मात्र अशा प्रत्येक वाहकासमोर असतो.